एल फॉर लाखनी

१

ज्या माणसाला पैसे पाठवायचे होते तो दोन वर्षांपूर्वी समुद्रात बुडाला होता. वैदेही पोफळीला हे कळलं ते खुद्द त्याच्या आईनेच सांगितलं म्हणून. आणि तिने ते अशा सुरात सांगितलं, जणू मुलगा बदलीवर बुलढाण्याला गेला आहे.

मे महिन्याची दुपार होती. बँकेच्या काचेबाहेरचा रस्ता ओस पडला होता. परदेशी पैसे पाठवण्याच्या टेबलावर वैदेही नुकतीच बदलून आली होती. समोर बसलेल्या देवकी भुसारी साठी उलटलेल्या, नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात एकट्या राहणाऱ्या. डोक्याला गुंडाळलेला ओला दुपट्टा सोडून त्यांनी मांडीवर घेतला.

"सगळ्यायनं मेला म्हटलं," त्या म्हणाल्या. "जहाजाच्या कंपनीनं भरपाईचा कागद पाठवला. सही करा म्हणे. मी नाही केली. अंगच सापडलं नाही त मेला कसा म्हणू? आन् होळीच्या आधी त्याचा फोन आला."

उन्मेष मालवाहू जहाजावर अधिकारी होता. वादळात डेकवरून लाटेने ओढून नेलेला. फोनवरचा आवाज सांगत होता की कोळ्यांनी त्याला वाचवलं, इंडोनेशियातल्या एका बेटावरच्या दवाखान्यात तो पडून आहे, जवळ कागदपत्रं नाहीत म्हणून अडकला आहे. वैदेहीच्या आधीच्या साहेबांनी 'मुलाचा खर्च' म्हणून दोनदा पैसे रवाना केले होते. आता देवकीबाई प्लॉट विकून तिसऱ्यांदा आल्या होत्या.

"खात्याचा नंबर आहे माझ्याकडे. त्या बँकेचा कोड फक्त एकदा सांगा, मी पडताळून पाहते," वैदेही म्हणाली.

देवकीबाईंनी डोळे मिटले. जप करावा तसे त्यांचे ओठ हलू लागले. "साकोली, लाखनी, मौदा, भंडारा. लाखनी, तुमसर. दोन. देवरी."

"ही तर गावांची नावं. म्हणजे काय?"

"त्यानंच शिकवलं मले. एस फॉर साकोली, एल फॉर लाखनी, असं. पहिलं अक्षर घ्यायचं. चुकू नये म्हणून रोज म्हणते मी, दिवा लावताना."

वैदेहीने अक्षरं मांडली आणि तिची बोटं थांबली. अशा कोडात पहिली चार अक्षरं बँकेची असतात, पुढची दोन देशाची, मग शहराची. तिने पाचवं आणि सहावं अक्षर पुन्हा पाहिलं. एल, टी.

"काकू, इंडोनेशियातल्या बँकेच्या कोडात या जागी आय आणि डी असतं. एल-टी म्हणजे लिथुआनिया. युरोपातला देश. तुमचे पैसे इंडोनेशियाकडे गेलेलेच नाहीत."

"पण खातं त्याच्याच नावावर आहे ना?"

"नाव कोणीही काहीही सांगावं. पैसे नंबर आणि कोड पाहून जातात. काकू, तुम्हाला कोणीतरी फसवतंय."

देवकीबाई रागावल्या नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर वैदेहीविषयी दया दिसली.

"मले सांगा बाई, लिथुआनियातला चोर लाखनी म्हणन का? त्याले मौदा ठाऊक राहीन का? हे आपल्या इकडच्या लेकराच्याच तोंडी येते."

तेवढ्यात देवकीबाईंच्या हातातला फोन थरथरला.

"त्याचाच आहे," त्या म्हणाल्या, आणि स्पीकर लावून त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

२

आधी नुसता पाण्याचा आवाज आला. लाट वर येते, मागे सरते. मग एक तरुण, थकलेला आवाज.

"आई, मी उन्मेष बोलून राहिलो. बँकेत गेली होती का?"

वैदेहीने नकळत आपला फोन उलटा ठेवला. तिच्या स्वतःच्या फोनमध्ये वारलेल्या वडिलांचा एक निरोप होता, 'वैदू, पोचली का गं?' एवढाच. तो तिने पुसला नव्हता आणि पुन्हा कधी ऐकलाही नव्हता.

"मी बँकेतून बोलतेय," ती म्हणाली. "कोड पुन्हा एकदा सांगाल का?"

पलीकडे लाट आली, गेली. पुन्हा आली. इतका वेळ की फोन बंद पडला असं वाटावं. मग तोच आवाज, त्याच थकल्या सुरात: "एस फॉर साकोली. एल फॉर लाखनी. एम फॉर मौदा..."

सगळी अक्षरं झाली. "आई, लवकर कर," आवाज म्हणाला, आणि पाणी थांबलं.

देवकीबाईंचे डोळे भरून आले होते. "दम लागते त्याले बोलताना. म्हणून थांबते."

वैदेहीला तो दम वाटला नाही. दम लागलेला माणूस वाक्याच्या मध्ये थांबतो. हा वाक्यं सलग बोलत होता, फक्त प्रत्येक उत्तराआधी कोणीतरी ते कुठेतरी लिहीत असावं इतका वेळ जात होता. माणसाच्या आवाजाची नक्कल करणारी अ‍ॅपं निघाली आहेत हे तिने ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं. ऐकणं वेगळं, आणि एका आईसमोर बसून तो आवाज ऐकणं वेगळं.

"काकू, पहिल्या फोनातच त्यानं पैसे मागितले होते का?"

"नाही वं. पहिल्या फोनात नुसता बोलला. 'आई, मी आहे, जेवत जा,' म्हणे. दुसऱ्यातही तसंच. मी त्या दिवशी पोटभर जेवली. किती महिन्यायनी जेवली असन. पैशाचं मागून आलं."

हे वैदेहीच्या मनात खुपलं. दूरदेशीचा ठग पहिल्याच फोनात हात पसरतो. ही बाई जेवत नाही हे त्याला कसं ठाऊक असणार?

पोलिसांकडे तिने त्याच दिवशी तक्रार कळवली. नंबर इंटरनेटवरून बनवलेला आहे, शोधायला वेळ लागेल, असं उत्तर आलं. पण देवकीबाईंना वेळ नव्हता. "तुमी नाही पाठवले त दुसऱ्या बँकेत जाईन," त्यांनी निघताना शांतपणे सांगितलं. वैदेहीने कशीबशी सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

"तुमच्या घरी येणंजाणं कोणाचं आहे, काकू?"

"येणार कोण? हर्षित येते, त्याचा शाळेपासूनचा दोस्त. किराणा आणून देते. माह्या बहिणीचा पोरगा अंकित येते दर रविवारी, तो मोबाइलचं पाहते. आन् सून होती, रितिका. ती गेली माहेरी. तिले वाटते तो मेला." त्यांचा आवाज कोरडा झाला. "कागदावर सही करा म्हणून मागं लागली होती. मी दार लावून घेतलं."

३

जरीपटक्याच्या बाजारात रितिकाच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. कूलरसमोर बसून ती ड्रेसच्या तुकड्यांवर किमतीच्या चिठ्ठ्या लावत होती. सिंधी घरातली मुलगी, पण सासरी राहून मराठी पक्की झालेली.

"मम्मींना फोन येतो हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांनीच सांगितलं होतं. मी म्हटलं, मला द्या, मी बोलते. त्या दिवशी फोन आलाच नाही. मग त्या म्हणाल्या, तू असली की तो बोलत नाही. तू त्याला मेला म्हणते ना, म्हणून."

"तुम्ही ऐकलाच नाही आवाज?"

"नाही. आणि खरं सांगू? ऐकायची हिंमतपण नाही." तिने चिठ्ठ्यांचा डबा बंद केला. "मी सही मागितली तर सगळे म्हणाले हिला पैसा पाहिजे. मॅडम, मला कोणीतरी सांगायला पाहिजे ना, की मी कोण आहे? बायको आहे की विधवा आहे?"

वैदेहीला तिच्यावर संशय धरायचा होता. सही अडली तर नुकसान हिचंच. पण सासूच्या मनातला मुलगा जिवंत ठेवून हिला काय मिळणार? तरीही तिने तो कोड जसा ऐकला तसा म्हणून दाखवला. साकोली, लाखनी, मौदा.

रितिकाने चमकून वर पाहिलं. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता ती रडू लागली.

"हे उन्मेष नाही. शक्यच नाही. तो स्पेलिंग असं सांगूच शकत नव्हता! जहाजावर रेडिओवर बोलून बोलून त्याची जीभ तशीच वळली होती. अल्फा, ब्राव्हो, चार्ली. घरी पिझ्झा मागवताना भुसारी नाव सांगायचा, 'ब्राव्हो, हॉटेल, युनिफॉर्म...' आणि तो पोरगा परत फोन करून विचारायचा, साहेब, कोणतं हॉटेल?" तिने ओढणीने डोळे पुसले. "मला तर तो रोमिओच म्हणायचा. माझ्या नावाचं पहिलं अक्षर."

देवकीबाईंचा सगळा विश्वास ज्या गावांवर उभा होता, ती गावंच सांगत होती की बोलणारा उन्मेष नव्हता. आणि रितिकाही नव्हती. तिने हे नाटक रचलं असतं तर एल फॉर लाखनी म्हटलं नसतं, एल फॉर लिमा म्हटलं असतं. ज्याने हे केलं त्याला नागपूरचा उन्मेष ठाऊक होता, जहाजावरचा नव्हता.

"गावांची नावं घेऊन अक्षरं कोण सांगतं?" तिने विचारलं.

"ट्रान्सपोर्टवाले," रितिका म्हणाली. "हर्षित."

४

नागपूरबाहेरच्या वाडी भागात गोदामासमोर ट्रक अंगाला अंग लावून उभे होते. हर्षित पत्र्याच्या केबिनमध्ये बसला होता, मोठ्या अंगाचा, डोळ्यांखाली काळं आलेला माणूस. वैदेहीने काय ते सांगितल्यावर त्याने खुर्ची पुढे ओढली.

"मले काकूनं काहीच नाही सांगितलं," तो म्हणाला. "प्लॉट विकला हे मले रजिस्ट्री झाल्यावर समजलं. मी भांडलो. तर म्हणे, तुले काय समजते गा, तुही आई आहे काय मी?"

"उन्मेषचा आवाज तुमच्याकडे असेल ना? जुने निरोप?"

"पुष्कळ होते. सगळे पुसले मी." तो भिंतीकडे पाहत राहिला. "पिऊन ऐकत बसायचो मॅडम. बायको घाबरली."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडच्या ड्रायव्हरला पार्टीचं नाव कळत नव्हतं. हर्षित ओरडून सांगू लागला. "अबे टी बी एम ट्रेडर्स! टी फॉर तिवसा, बी फॉर बाजारगाव, एम फॉर मोझरी. समजलं का?"

वैदेहीने मान वर केली. गावं. हाही गावंच सांगत होता. तिने घाईने निरोप घेतला आणि रिक्षात बसल्यावर पोलिसांना फोन लावायला हात बॅगेत घातला.

रिक्षा अमरावती रोडच्या गर्दीत अडकली होती. शेजारच्या ट्रकच्या मागे मालकाने आपल्या फेऱ्यांची गावं रंगवून ठेवली होती: बाजारगाव, कोंढाळी, तळेगाव, तिवसा, मोझरी. वैदेहीने ती एकदा वाचली. मग पुन्हा वाचली. फोन तिने बॅगेतच राहू दिला.

माणूस अक्षराला गाव शोधत बसत नाही. रोज जिभेवर असतं तेच गाव बाहेर येतं. हर्षितचा बी बाजारगावचा होता, एम मोझरीचा. वाडीहून पश्चिमेला, अमरावतीच्या वाटेवरचा. आणि तो आवाज? त्याचा एम मौद्याचा, बी भंडाऱ्याचा. लाखनी, साकोली, देवरी. ही सगळी गावं नागपूरच्या पूर्वेला, रायपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एकामागून एक लागतात. तुमसरही तिकडचंच, भंडाऱ्याहून आत.

देवकीबाईंकडे येणाऱ्यांपैकी त्या रस्त्यावर कोण होतं, हे तिने विचारलंच नव्हतं. तिने रिक्षातूनच त्यांना फोन लावला.

"काकू, तुमचा अंकित नोकरी कुठे करतो?"

"मौद्याले," देवकीबाई म्हणाल्या. "वीजकेंद्राची राख नेणारे टँकर असते ना, त्या ठेकेदाराकडं. दिवसभर फोनवर गाड्या पाठवत राहते बिचारा. काहून?"

५

रविवारी वैदेही त्रिमूर्ती नगरात पोचली तेव्हा अंकित ढोमणे मावशीच्या कूलरमध्ये पाणी भरत होता. तिशीचा, नम्र, अंगाने किडकिडीत. बँकेच्या मॅडम म्हटल्यावर त्याने हात पुसून खुर्ची दिली. चौकातल्या गाडीवर तिने सांगून ठेवलेला साध्या कपड्यातला हवालदार उसाचा रस पीत उभा होता. पण वैदेहीपाशी अजून पुरावा नव्हता, फक्त काही गावं होती.

"बरं झालं तुम्ही भेटलात," ती म्हणाली. "काकूंचे पैसे उद्या पाठवायचे आहेत. त्यांना ई-मेल नाही. पोचल्याची पावती तुमच्या पत्त्यावर पाठवू का?"

"हो ना मॅडम. लिहून घ्या." त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा भाव दिसला. "अंकित, मग ढोमणे."

"ढोमणेचं स्पेलिंग?"

"डी फॉर देवरी," तो सवयीने म्हणाला, "एच फॉर हावडा, ओ, एम फॉर मौदा..."

आतल्या दारात काहीतरी पडलं. देवकीबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या आणि एक कप खाली फुटला होता. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते, रोज दिवा लावताना हलायचे तसे.

"मौदा," त्या पुटपुटल्या. "भंडारा. लाखनी... देवरी." आणि मग, अगदी हळू, "अंकित?"

अंकितने आपणच उच्चारलेले शब्द जणू आत्ता ऐकले. तो खाली बसला.

"मावशी, मी पैशासाठी नव्हतं सुरू केलं," तो म्हणाला. "तुही शपथ. तू जेवत नव्हती. मरून जाशीन असं वाटे. तुह्या मोबाइलात दादाचे बोललेले निरोप होते, ते मी एका अ‍ॅपात टाकले. आपण लिहायचं, ते त्याच्या आवाजात बोलते. वाटलं, एकदा ऐकशीन तर उठून बसशीन. आन् तू उठली ना! तू जेवली."

"आणि मग?" वैदेहीने विचारलं.

त्याने मान खाली घातली. "मग ठेकेदार म्हणे, स्वतःचा टँकर घे, मी काम देतो. मावशीनं फोनवर विचारलं, बाळा, तुले काही पाहिजे का? मी लिहून मोकळा झालो. इथल्या खात्यात मागितले असते तर तिले समजलं असतं. बाहेरदेशातलं खातं भाड्यानं देणारे लोक मोबाइलवर भेटते. त्यायचा वाटा कापून पैसे परत इथंच येते."

"आन् रितिका आली होती तवा फोन काहून नाही केला?" देवकीबाईंनी विचारलं.

"वहिनीले आवाज समजला असता."

देवकीबाई फुटलेल्या कपावरून चालत पुढे आल्या. त्या मारतील असं वैदेहीला वाटलं. त्यांनी कूलरचं बटण बंद केलं. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की बाहेरच्या कडुनिंबावरचा कावळाही ऐकू आला.

"ते अजून आहे तुह्या मोबाइलात?"

"कोणतं?"

"त्याचा आवाज. काढ."

"मावशी, नको."

"काढ म्हणते ना. मी सांगते ते लिही."

अंकितने वैदेहीकडे पाहिलं. थांबवावं की नाही, हे वैदेहीला कळेना. ती बसून राहिली. त्याने फोन काढला.

"लिही," देवकीबाई त्याच्यासमोर जमिनीवर बसत म्हणाल्या. "आई, मी गेलो. त्याच रात्री गेलो. आता वाट पाहू नको."

अंकित रडत होता, पण लिहीत होता. आधी पाणी ऐकू आलं. लाट वर आली, मागे सरली. आणि उन्मेषच्या थकलेल्या आवाजाने ते जसंच्या तसं म्हटलं.

देवकीबाईंनी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लाव, असं त्या म्हणाल्या नाहीत. वैदेही वाट पाहत होती, पण त्या रडल्याही नाहीत. मग त्यांनी अंकितच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवत असतील तसा, आणि काढून घेतला.

"बोलवा बाई तुमच्या पोलिसाले," त्या म्हणाल्या. "याले घेऊन जा म्हणा. माह्या डोळ्यापुढं नको."

हवालदार अंकितला घेऊन गेल्यावर वैदेहीने काच गोळा केली. देवकीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिने फक्त पाण्याचा ग्लास त्यांच्याजवळ सरकवला.

"मले रितिकाचा नंबर लावून द्या," त्या म्हणाल्या. "माह्यातून मी पुसला होता."

वैदेहीने नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग कोणीतरी उचलला.

"मी बोलून राहिली," देवकीबाई म्हणाल्या, आणि आता कुठे त्यांचा आवाज फुटला. "ये वं पोरी. घरी ये. त्याचे दिवस करायचे राहिले."